सर्व्हर डाऊन आहे!

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीच्या रोजच्या बोलण्यात ज्या नव्या वाक्यांची भर पडली, त्यांत अग्रपूजेचा मान कोणाला द्यावा असे मला कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'सर्व्हर डाऊन आहे' ह्या वाक्याचे नाव घेईन. तीन शब्दांपैकी दोन परके. पण वाक्य इतके घरचे झाले आहे की ते म्हणण्यासाठी इंग्रजी शाळेची पायरी चढावी लागत नाही. आमच्या फुलसावंगीला एस.टी.च्या थांब्यावर घटकाभर उभे राहावे; बँकेतून, सेवा केंद्रातून, स्वस्त धान्याच्या दुकानातून परतणारी माणसे एकमेकांना हेच सांगत असतात. पूर्वी ह्या जागी 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे वाक्य होते. दोन्ही वाक्यांचा भावार्थ एकच: 'उद्या या!'

'उद्या या' ह्या दोन शब्दांची किंमत गावागावांत निरनिराळी असते. शहरात ती फार तर एका चकरेची. महागाव तालुक्यातल्या आमच्या ह्या गावाला भोवतालच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून माणसे कामाला येतात. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटलेली असते, सीतादहीची पूजा होऊन वेचणीला जोर आलेला असतो, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे जो दिवस रांगेत गेला तो पदरचा गेला.

मागे आमच्या वर्गातील एक मुलगी अशीच परीक्षेचा अर्ज भरावयास गेली होती. शुल्क भरले, पडद्यावर चक्र फिरू लागले, ते काही थांबेना. केंद्रावरच्या मुलाने पुन्हा बटण दाबले. पैसे दोनदा गेले, पावती एकदाही आली नाही. पुढे तीन आठवड्यांनी जादा गेलेले चारशे रुपये परत आले. पण ते चारशे रुपये म्हणजे तिच्या आईची दोन दिवसांची वेचणी होती, आणि त्या तीन आठवड्यांत घरात त्यावरून जे बोलणे झाले ते काही परत घेता आले नाही. मला मात्र तिने विचारलेला प्रश्न जन्मभर पुरेल असा वाटला. ती म्हणाली, "सर, सर्व्हर डाऊन होता म्हणतात, तर मग त्याने पैसे कसे घेतले?"

प्रश्न मार्मिक होता आणि उत्तर मराठीच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. माझा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये नोकरीस आहे. मराठीत त्याला जेमतेम पन्नास गुण पडत, पण समजावून सांगण्याची हातोटी चांगली. मूळचा कापूसवाल्याचा मुलगा असल्यामुळे त्याने मला सारे शास्त्र बंड्यांच्या भाषेत सांगितले. त्याच्या बोलण्यात जी भर पुस्तकांतून घालता आली ती घालून मी ते येथे मांडतो आहे.

तीन शब्द

प्रथम भाषेचे पाहू. इंग्रजीत एका शब्दाने जे भागवतात त्याला आपल्याकडे तीन शब्द आहेत. कामाला उशीर झाला, माणूस अडून राहिला, की तो 'खोळंबा'. येणारे अधिक, जाणारे कमी, म्हणून साठत गेले, की 'तुंबणे'. नाली तुंबते, मोरी तुंबते. आणि पुढे जाता येत नाही, मागेही सरता येत नाही, ज्याचा त्या कामाशी संबंध नाही तोही अडकतो, ती 'कोंडी'. बहुतेक वेळा आपण ज्याला 'सर्व्हर डाऊन' म्हणतो, तेव्हा सर्व्हर बिचारा ठणठणीत उभा असतो. वाट तुंबलेली असते. रोग वेगळा असला की औषधही वेगळे, म्हणून हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत.

आधुनिक कोठार

डेटा सेंटर म्हणजे माहितीचे कोठार. भारतातील अशा कोठारांचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. कारण समुद्राच्या तळातून परदेशाहून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि बँका व शेअरबाजारही तेथेच. ऐरोली, रबाळे, महापे ह्या भागांत कारखान्यांच्या शेजारी आता अशा इमारती उभ्या आहेत. पनवेलजवळ २०२० साली सुरू झालेल्या एका इमारतीत ७,२०० कपाटांची सोय आहे. कपाट म्हणजे लोखंडी मांडणी. तिच्या प्रत्येक खणात एक-एक संगणक चपटा करून बसवलेला. गार हवा सतत खेळती, वीज गेली तर जनित्रे सज्ज.

फुलसावंगीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे तार सरळ असती तर आपला निरोप तेथे पोचून उत्तर परत यावयास सेकंदाचा दोनशेवा भाग पुरता. तारा वळणावळणाने जातात, म्हणून थोडा अधिक वेळ लागतो इतकेच. मग चक्र मिनिटभर फिरते ते कशासाठी?

ह्याचे कारण, एका माणसाचे एक काम हे आत गेल्यावर एक राहत नाही. तुम्ही एक बटण दाबता. आतला मुख्य संगणक ते काम शंभर संगणकांना वाटून देतो. कोणी नाव तपासतो, कोणी खाते पाहतो, कोणी जुना हिशेब काढतो. सगळ्यांची उत्तरे जुळली की तुम्हाला पावती. लग्नघरात वाढपी पुष्कळ असले तरी शेवटचे पान वाढून झाल्याखेरीज पंगत बसत नाही, तसेच हे. गूगलचे जेफ डीन आणि लुईझ बरोसो ह्यांनी २०१३ साली ह्याचे सोपे गणित मांडले. एक संगणक शंभरातून एकदाच रेंगाळतो असे धरा. काम शंभर जणांना वाटले, तर शंभरांपैकी ६३ वेळा कोणी ना कोणी रेंगाळणारच! म्हणजे एकेकाचा क्वचित घडणारा आळस सगळ्यांच्या नशिबी रोजचा होतो.

पाकिटे आणि अंगण

संगणक एकमेकांना निरोप पाठवतात ते अखंड धारेने नव्हे, तर लहान लहान पाकिटे करून. एका पाकिटात साधारणपणे दीड हजार अक्षरांएवढा मजकूर. ही पाकिटे चौकाचौकांतून जातात. त्या चौकातल्या यंत्राला स्विच म्हणतात. आलेले पाकीट कोणत्या वाटेने पुढे धाडावयाचे ते स्विच ठरवतो.

आता आपल्या जिनिंगचे फाटक डोळ्यांसमोर आणा. काटा एकच आहे. एका वेळी एक बंडी मोजली जाते. दोन बंड्या एकदम आल्या तर एक मोजावयाची, दुसरी अंगणात उभी करावयाची. स्विचलाही असे अंगण असते. अंगण आहे म्हणून थोडीफार गर्दी सोसते. पण अंगण भरले आणि आणखी बंडी आली तर? स्विचजवळ रस्त्यावर थांबवून ठेवण्याची सोय सहसा नसते. तो पाकीट सरळ टाकून देतो. कोणाला कळवत नाही, पावती देत नाही. पाठवणाऱ्याला उत्तर आले नाही म्हणजे तोच काय ते समजतो आणि तेच पाकीट पुन्हा पाठवतो.

येथेच खरी मेख आहे. गर्दी झाली म्हणून पाकीट गेले. पाकीट गेले म्हणून ते पुन्हा पाठवले. पुन्हा पाठवले म्हणून गर्दी आणखी वाढली. साऱ्या वाटा भरलेल्या, सारे धावत आहेत, आणि पोचत कोणीच नाही!

१९८६ चा धडा

हे नुसते तर्काचे नाही, घडलेले आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली येथील परिसर ह्यांच्यामधली वाट अशीच तुंबली. अंतर किती? अवघे चारशे यार्ड. आपल्या गावच्या शाळेपासून पाराइतके! त्या वाटेवरून सेकंदाला ३२,००० बिट जात असत. ते ४० वर आले. चालत जाऊन निरोप सांगितला असता तर लवकर पोचला असता.

व्हॅन जेकबसन ह्या गृहस्थांनी मायकेल कॅरल्स ह्यांच्या साथीने ह्याचा छडा लावला आणि १९८८ साली आपला उपाय प्रसिद्ध केला. उपाय ऐकला तर वाटेल, ह्यात काय मोठे? वाट कशी आहे ते ठाऊक नसेल तर आधी एक पाकीट पाठवा. पोचल्याची खबर आली तर दोन, मग चार. वाटेचा अंदाज आला की पुढे एकेकानेच वाढवा. आणि पाकीट हरवले असे कळले की आपला वेग एकदम निम्म्यावर आणा. वाढताना हळूहळू, आवरताना मात्र ताबडतोब. हा नियम कोणा फौजदाराने बसून पाळावयास लावलेला नाही; प्रत्येक संगणक आपापल्या जागी तो पाळतो, आणि एवढ्यावर जगाचे जाळे आजतागायत उभे आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट लोकांना खुले केले, तेव्हा ही शिस्त त्याच्याबरोबरच आली.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते. तिचा निरोप पोचला होता. पैसे घेतले गेले होते. परत येणारी पावती तेवढी गर्दीत वाटेत गळाली. सर्व्हर 'डाऊन' नव्हताच. संगणक आपापसांत बोलताना प्रत्येक पाकिटावर क्रमांक घालतात, म्हणून तेच पाकीट दोनदा आले तर एक बाजूला ठेवले जाते. पण माणसाने बटण दुसऱ्यांदा दाबले की ते नवे काम ठरते आणि त्यावर नवा क्रमांक पडतो. अर्जाचे पान बनवणाऱ्याने एका अर्जाला एकच खूण दिली आणि ती दुसऱ्यांदा आली तर पैसे घेतले नाहीत, तर हा सारा प्रकार टळतो. हे अवघड नाही; कोणीतरी ते आठवणीने करावयास हवे इतकेच.

शंभर बंड्या, एक काटा

जेकबसनचा नियम गावोगावच्या लांब वाटांसाठी चांगला. पण डेटा सेंटरच्या आतली गोष्ट निराळी. तेथे वाटा आखूड आणि अतिशय वेगवान. पाकीट जाऊन उत्तर येण्यास सेकंदाचा चार हजारावा भागही लागत नाही. आणि वर सांगितल्याप्रमाणे एकाने शंभरांना काम वाटले, की शंभरांची उत्तरे एकाच क्षणी एकाच दारावर येऊन आदळतात.

एकाधिकार कापूस खरेदी योजना महाराष्ट्रात १९७२ साली सुरू झाली. तिच्या काळात खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत, हे आमच्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. बंडीखालीच स्वयंपाक, बंडीखालीच झोप. कापूस एका दिवसात पिकत नाही. पण भाव जाहीर झाला, केंद्र उघडले, की सर्वांना त्याच दिवशी यावेसे वाटते. दोष शेतकऱ्याचा नव्हे आणि काट्याचाही नव्हे. सर्वांची वेळ एक झाली हा दोष.

संगणकांच्या ह्या झुंबडीत स्विचचे अंगण किती मोठे असावे? २०१० च्या सुमारास वापरात असलेल्या एका नेहमीच्या स्विचला ४८ दारे होती आणि सगळ्यांत मिळून साठवण चार मेगाबाइट. म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका बऱ्यापैकी छायाचित्राएवढी! ती भरली की पाकिटे गळणार. आणि गळाली की त्या काळची पुष्कळशी यंत्रे पुन्हा पाठवण्यापूर्वी निदान सेकंदाचा पाचवा भाग वाट पाहत. आपल्याला ही पापणी लवण्याइतकी वेळ वाटेल. पण जेथे उत्तर चार हजाराव्या भागात येते तेथे ही आठशेपट वाट झाली. तासाभराच्या कामासाठी महिनाभर बसून राहावे तसे.

मग अंगणच मोठे का करू नये? हा प्रश्न मीही विचारला. विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, अंगण मोठे केले तर बंडी हाकलली जाणार नाही, पण तिचा नंबर परवा लागेल. मोठ्या अंगणाने रांग संपत नाही; रांग लपते." शिवाय ज्याचा ढीग मोठा तो सगळे अंगण अडवून बसतो आणि ज्याचे एक बोचके तो त्याच्या मागे ताटकळतो.

खडूची खूण

ह्यावर जो उपाय निघाला तो मला सर्वांत आवडला, कारण त्यात शहाणपणाबरोबर सौजन्यही आहे. अंगण पूर्ण भरून बंड्या परत पाठवण्याची पाळी येऊ द्यावयाचीच कशाला? पाव अंगण भरले की फाटकावरच्या माणसाने आत येणाऱ्या बंडीवर खडूने एक खूण करावी. बंडी आत जाते, मोजली जाते, कोणाचे नुकसान नाही. पण ती घरी परतली की धन्याला खूण दिसते आणि तो समजतो, 'गर्दी होऊ लागली आहे. पुढच्या बंड्या जरा सावकाश काढाव्यात.'

ही कल्पना के. के. रामकृष्णन आणि राज जैन ह्यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मांडली. सॅली फ्लॉइड ह्या विदुषीने रामकृष्णन ह्यांच्यासह तिला पुढे नेले आणि २००१ साली तो इंटरनेटचा रीतसर नियम झाला. तरी त्यात एक उणीव होती. खूण एक दिसली काय आणि दहा दिसल्या काय, पाठवणारा आपला वेग निम्म्यावर आणी. थोडी सर्दी झाली म्हणून महिनाभर अंथरुण धरावे तसे!

२०१० साली नवी दिल्लीला संगणक-जाळ्यांच्या शास्त्रज्ञांची जी जागतिक परिषद भरली, तीत ह्यावर एक निबंध वाचला गेला. लेखकांत मोहम्मद अलिझादे, बालाजी प्रभाकर, जितेंद्र पाध्ये अशी आठ नावे आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांचे हे काम. त्यांनी सांगितले, खुणा मोजा. दहांपैकी एका बंडीवर खूण असेल तर थोडेच आवरा. दहाही बंड्यांवर असेल तरच निम्म्यावर या. रोग जेवढा तेवढेच औषध. एवढ्याशा बदलाने अंगणाची गरज नव्वद टक्क्यांनी कमी झाली आणि कामाचा वेग पूर्वीइतकाच, क्वचित अधिक राहिला. ह्या पद्धतीला डीसीटीसीपी म्हणतात, आणि पुढच्या पुष्कळ पद्धती तिच्याच वळणावर बेतल्या गेल्या.

पुढे आणखी एक पाऊल पडले. खूण पाहून मागाहून आवरण्यापेक्षा, घेणाऱ्यानेच आधी चिठ्ठ्या वाटाव्यात: तुझा नंबर आता, तुझा त्यानंतर. २०१८ साली स्टॅनफर्डहून आलेल्या 'होमा' नावाच्या पद्धतीत असे आहे. शिवाय ज्याचे काम लहान त्याला पुढे सोडावयाचे. आपल्याकडे भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' ह्या ॲपवर नोंदणी करून वेळ ठरवून घेण्याची रीत आणली, ती ह्याच जातीची. योगायोग असा की ह्या महामंडळाचे मुख्य कार्यालयही नवी मुंबईतच, बेलापूरला आहे. मात्र चिठ्ठी वाटण्याचे दारच तुंबले तर चिठ्ठ्यांचा उपयोग नाही, हेही विसरता कामा नये.

वाटा वाढवल्या तरी

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? वाटा वाढवा. त्याही वाढवल्या आहेत. १९५३ साली चार्ल्स क्लॉस ह्या बेल प्रयोगशाळेतील गृहस्थाने टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी एक रचना सुचवली होती: एक अवाढव्य यंत्र घेण्याऐवजी पुष्कळ लहान यंत्रे थरांनी जोडावीत, म्हणजे कोणत्याही दोन टोकांमध्ये अनेक वाटा राहतील. टेलिफोनसाठी केलेली ही युक्ती पन्नासाहून अधिक वर्षांनी डेटा सेंटरच्या कामी आली. २००८ साली सॅन डिएगोच्या विद्यापीठातील तिघांनी साध्या, स्वस्त स्विचांतून अशीच रचना करता येते हे दाखवले. पण येथेही गंमत आहे. कोणी कोणत्या वाटेने जावयाचे हे पाकिटावरच्या पत्त्यावरून एक प्रकारे सोडत काढून ठरते. सोडत निःपक्षपाती असते, शहाणी नसते. दोन जड ट्रक एकाच रस्त्याला लागतात आणि शेजारचा रस्ता मोकळा पडून राहतो.

आता कोंडीचे. काही कामांत एकही पाकीट गळालेले चालत नाही. त्यासाठी अशी रीत काढली की अंगण भरले की मागच्या चौकाला 'थांबा' म्हणून निशाण दाखवावयाचे. बंडी हाकलली जात नाही हे खरे; पण मागचा चौक थांबला की त्याचे अंगण भरते, तो त्याच्या मागच्याला थांबवतो, आणि होता होता गर्दी जिनिंगपासून गावच्या वेशीपर्यंत येते. मग ज्याला कापूस विकावयाचा नाही, ज्याच्या बंडीत बाळंतपणाला निघालेली बाई आहे, तोही अडकतो. ही खरी कोंडी. म्हणून जाणते लोक हे निशाण अखेरचा उपाय म्हणून ठेवतात आणि भिस्त खडूच्या खुणेवर ठेवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे शिकवण्यासाठी हल्ली हजारो संगणक एकत्र जुंपतात. ते सगळे एकाच क्षणी आपापले हिशेब एकमेकांना पाठवतात आणि सर्वांत मागे राहिलेल्यासाठी सगळे थांबतात. त्यामुळे हा प्रश्न मागे पडण्याऐवजी पुढेच आला आहे.

बारा एप्रिलचा शनिवार

आता घरचे उदाहरण. यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था मुंबईची. २०१६ साली सुरू झालेल्या ह्या व्यवस्थेतून २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आमच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाशेजारीही आता तो चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो. १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, ही व्यवस्था कित्येक तास अडखळली. तपासणीत जे निघाले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे: काही बँकांकडून 'तो व्यवहार झाला का? झाला का?' अशा विचारणांचा पूर आला होता, आणि त्यांत जुन्या व्यवहारांच्याही विचारणा होत्या. म्हणजे व्यवहारांच्या गर्दीपेक्षा चौकशांची गर्दी जड झाली! दवाखान्यात रोग्यापेक्षा समाचाराला येणारे अधिक झाले की डॉक्टरला आत शिरता येत नाही, तसेच.

त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले. एका ॲपवर शिल्लक दिवसातून पन्नास वेळाच पाहता येईल. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, तीही मध्ये नव्वद सेकंद जाऊ देऊन. ठरावीक हप्ते आपोआप कापण्याचे काम गर्दीच्या वेळा टाळून. वाचकांच्या लक्षात आले असेल की १९८८ चाच हा नियम नव्या वेषात आला आहे: उत्तर आले नाही तर घाई करू नका, थोडे थांबून विचारा.

शेवटची तारीख

संगणकांनी चाळीस वर्षांत जे शिकून घेतले ते आपली कार्यालये केव्हा शिकणार, हा माझा खरा प्रश्न आहे. २०१७ साली शेतकरी कर्जमाफीचे अर्ज २४ जुलैपासून मागवले. १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. २०२१ च्या २८ एप्रिलला दुपारी चार वाजता साऱ्या देशातील तरुणांसाठी लसीची नोंदणी एकदम उघडली. पहिल्या काही मिनिटांत ती अडखळली, आणि तरीही त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज १ जुलैला सुरू झाले. १५ जुलैची मुदत पुढे ३१ ऑगस्ट झाली आणि तीही नंतर वाढली. दर वेळी यंत्र मोठे करण्याची चर्चा होते. तारीख मात्र साऱ्या महाराष्ट्राला एकच राहते. आपणच शंभर बंड्यांना एका काट्यावर एकाच सकाळी बोलावतो आणि मग काट्याला नावे ठेवतो. तालुकावार किंवा अर्जदाराच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून दिले तर एक पैचाही खर्च नाही. 'आता गर्दी आहे, तुमचा नंबर दुपारी तीनला लागेल' असे पडद्यावर दिसले तर ती बाई तोवर अर्धा दिवस वेचणी करून येईल. फिरते चक्र तिला काहीच सांगत नाही.

ह्यात गावाचा एक विशेष तोटा आहे, आणि तो बोलून दाखवला पाहिजे. जेकबसनच्या नियमाने चालणाऱ्या दोन संगणकांपैकी ज्याची वाट दुप्पट लांब, त्याच्या वाट्याला साधारण निम्मा वेग येतो. आणि वाटेत पाकिटे गळण्याचे प्रमाण चौपट झाले तर वेग निम्मा होतो. हे सूत्र १९९७-९८ साली गणिताने सिद्ध झाले आहे. टॉवर लांब, तार जुनी, पावसात खरखर; अशा ठिकाणी पाकीट गर्दीमुळे गळत नाही, वाट वाईट म्हणून गळते. पण बिचारा संगणक समजतो, 'गर्दी झाली, आपण मागे सरावे.' तो सौजन्याने मागे सरतो, आणि चांगल्या वाटेवरचा पुढे निघून जातो. आमच्या गावच्या स्वभावाशी हे इतके जुळते की ऐकून हसावे की रडावे कळेना! नाही म्हणावयाला २०१६ साली गूगलमधील मंडळींनी, ज्यांत जेकबसनही होते, नवी पद्धत काढली. ती नुसत्या गळतीला घाबरत नाही, वाट प्रत्यक्ष किती वाहून नेते ते मोजते. पण ती सर्वत्र नाही, आणि वाईट वाटेला शेवटी चांगली वाट हेच उत्तर आहे.

तोवर तुम्ही-आम्ही काय करावे? चक्र फिरत असता बटण पुन्हा दाबू नये. पैसे गेल्याचा निरोप मोबाइलवर आला की नाही ते आधी पाहावे, मग दोन मिनिटे थांबून एकदाच विचारावे. शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. आणि खिडकीतून 'सर्व्हर डाऊन आहे' असे ऐकू आले, तर परत फिरण्यापूर्वी शांतपणे एक प्रश्न विचारावा: खोळंबा आहे, तुंबले आहे की कोंडी झाली आहे? पहिल्याला धीर पुरतो, दुसऱ्याला शिस्त लागते. तिसऱ्यासाठी मात्र कोणीतरी वरून येऊन रस्ता मोकळा करावा लागतो. खिडकीतल्या माणसाजवळ ह्याचे उत्तर नसेल. पण प्रश्न रोज विचारला गेला तर ज्यांच्याजवळ उत्तर आहे त्यांच्यापर्यंत तो पोचेल. पाकीट एकदा गळाले तर पुन्हा पाठवावयाचे असते; मात्र घाई न करता.